तळ्याकाठचं वळण

रविवार, १८ एप्रिल १९९३

अर्विनचं इंजिन आज पार्कातल्या आमच्या क्लबच्या रुळावरून उतरलं. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा तळ्याकाठच्या वळणावरच. तिसऱ्या वेळेला तर बदकांनीही मान वर केली नाही.

वाईट वाटलं. दहा वर्षांच्या वर खपलाय तो या इंजिनावर. उंचीला माझ्या गुडघ्याएवढं, पण खऱ्यासारखं कोळशावर चालणारं. मागे बसायच्या गाड्या जोडल्या तर डझनभर माणसं ओढून नेईल. आमच्या डोंगरापलीकडे कोळसा वाहणाऱ्या आठचाकी मालइंजिनांवर अर्विनचे वडील भट्टीत फावडं मारायचे. त्यातल्याच एकाची ही प्रतिकृती, रिव्हेटसुद्धा मोजून लावलेली. सरळ रुळावर ते असं काही धडधडत गेलं की क्लबातले सगळे चहाचे मग घेऊन बाहेर आले. मग वळण आलं. पुढचं बाहेरच्या अंगाचं चाक रुळावर चढलं आणि इंजिन खडीत जाऊन बसलं.

आमचा चिटणीस क्लेमंट ऑग्डन म्हणाला, "अर्विन, पुढच्या वेळी बोट कर बाबा. तळं जवळच आहे."

सगळे हसले. अर्विनही हसला. पण कुठलं चाक चढलं हे बघायला तो खाली वाकला नाही. मला विचारलं. आणि निघताना म्हणाला, "हेडली, हे तूच घेऊन जा. चाकांचं काय करायचं ते तूच बघ."

मी चाट पडलो. हा माणूस स्वतःच्या इंजिनाला दुसऱ्याला फडकंसुद्धा मारू देत नाही.

मंगळवार, २० एप्रिल

इंजिन माझ्या शेडमध्ये आलं. गाडी अर्विनच्या बायकोने, नोरीनने चालवली. अर्विन शेजारी बसलेला. विचारलं तर म्हणाला, खांदा दुखतोय.

दुखणं कुठं आहे ते उघड आहे. चार आस, आठ चाकं, आणि सगळी एकाच लोखंडी चौकटीत ताठ आवळलेली. खऱ्या रेल्वेची वळणं मैलभर लांब असतात, तिथे चालून जातं. आमचं तळ्याकाठचं वळण म्हणजे किटलीचा कान. एवढं लांब, ताठ इंजिन त्यात वळणार कसं?

दोन उपाय आहेत. एक रांगडा: चाकांना रुळाच्या आतल्या अंगाला जी कड असते, चाक रुळावरून घसरू न देणारी, ती मधल्या चाकांची लेथवर उतरवून टाकायची. चाकं गुळगुळीत झाली की वळणावर अडत नाहीत. दोन दिवसांचं काम. दुसरा उपाय सभ्य: सगळ्या कडा राखायच्या, पण पुढच्या आणि मागच्या आसाला थोडी आडवी ढिलाई द्यायची, म्हणजे वळणावर ते कुशीला सरकतील. त्यासाठी आस ज्यात फिरतात ते पितळी ठोकळे नवे करायचे, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे नवे, ते सांधे ज्यांवर फिरतात त्या चाकांवरच्या क्रँकपिना नव्या. महिनोन्‌महिन्यांचं काम.

"कड उतरव," अर्विन म्हणाला.

"खऱ्या इंजिनाला आठही चाकांना कड होती."

"माहितीये मला. माझ्या बापाचं होतं ते."

"मग?"

"मग काय? उतरव."

मी ऐकणार नाही. नंतर पस्तावेल आणि मलाच बोल लावेल. सभ्य मार्गानेच जायचं ठरवलं. दर मंगळवारी येऊन बघत जा म्हटलं, तर हो म्हणाला. दुसरा मग धुऊन खिळ्याला लावून ठेवलाय.

शनिवार, २४ एप्रिल

भाजीवाल्याच्या दुकानासमोर अर्विन दिसला. मी हात केला. तो माझ्या अंगावरून सरळ पुढे गेला, जणू मी पोस्टाची पेटी. कड उतरवली नाही म्हणून एवढा राग? पन्नास वर्षांची ओळख आहे. मीही हाक मारली नाही.

मंगळवार, ४ मे

इंजिन पूर्ण उलगडलं. बॉयलर उतरवला, चाकं काढली, एकेक भाग बाकावर मांडला. जुनं काम बघत नुसतं उभं राहावं असं आहे. कुठे कानशीची रेघ दिसेल तर शपथ. पण सगळ्यात मागचे जोडदांडे, गेल्या हिवाळ्यात केलेले, ते अर्विनच्या हातचे वाटतच नाहीत. भोक मध्यावरून सरकलेलं, आखणीची रेघ दोनदा ओढलेली. कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. असला नग माझ्या टेबलावर आला असता तर थेट भंगारात.

तो नोरीनबरोबर आला तेव्हा विचारलं, "हे कुणी केलं रे? मांजराने?"

त्याने भोकावरून अंगठा फिरवला. "मीच. घाईत केलं."

"तुला आणि घाई? दाराची कडी करायला तू महिना लावतोस!"

"हेडली, पॅटिस आणलंय, गार होतंय," नोरीन म्हणाली, आणि माझ्या हातातला दांडा काढून घेऊन तिथे बशी ठेवली. मटणाचं होतं. चांगलं झालं होतं.

रविवार, १६ मे

त्यांच्याकडे जेवायला. अर्विनने ग्रेव्ही बशीऐवजी टेबलक्लॉथवर ओतली. नोरीनने काही न बोलता पुसली. एरवी एवढ्यावर केवढं रामायण झालं असतं.

"जुलैत होईल?" त्याने विचारलं.

"जुलै? अरे, ही काय भजी आहेत तळायला? येत्या वसंतापर्यंत धर."

त्याने काटा खाली ठेवला. "पुढचा वसंत मला नको."

"वसंत तुला विचारून येतो का?"

हसला नाही. हल्ली त्याच्याशी बोलणंच अवघड झालंय. बोलतो माझ्याशी आणि बघतो माझ्या कानाकडे, नाहीतर मागच्या भिंतीकडे. माणसाने माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं. मनात काहीतरी धरून बसलाय. मीही विचारणार नाही.

मंगळवार, १ जून

नवे ठोकळे बसले. पुढचा आस आता दोन्हीकडे अलगद सरकतो, हाताला लोण्यासारखा लागतो. फार खूश होतो, तेवढ्यात नवंच घोडं अडलं. चाकं फिरवली की फेऱ्यात एकदा कुठेतरी टक्‌ असा आवाज. भिंग लावून बघितलं, बॅटरी मारून बघितलं. सापडेना.

अर्विन आला. स्टुलावर बसला, डोळे मिटले, कान जवळ नेला आणि एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताची बोटं दांड्यांवरून फिरवत राहिला. मग थांबला. "इथं."

बरोबर होतं. आस बाहेरच्या अंगाला सरकला की क्रँकपिनच्या टोकावरचा नट त्याच्याच समोरून मागेपुढे धावणाऱ्या दट्ट्याच्या ठोकळ्याला घासत होता. ढिलाई दिली म्हणून हे नवं दुखणं.

"नट दांड्याच्या आत बुडव," तो म्हणाला. "वरून पातळ चकती. बास."

नामी युक्ती आहे, पण डोळे मिटून करायची काय गरज होती? शायनिंग मारायची जुनी खोड. इंजिनाचा आराखडा दाखवला तर म्हणाला, "तूच वाच, चष्मा विसरलो." प्रत्येक मंगळवारी चष्मा विसरतो. म्हातारपण, दुसरं काय.

तरी छान गेली दुपार. दोन किटल्या चहा झाला.

शनिवार, १२ जून

नोरीन एकटीच आली. बागेतल्या रूबार्बचे आंबट देठ घेऊन.

"हेडली, तो म्हणतोय तशी कड उतरवून टाक ना."

मी तिला नीट समजावून सांगितलं. खरं इंजिन कसं होतं, प्रतिकृती म्हणजे काय, आणि एकदा उतरवलेलं लोखंड परत लावता येत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "खऱ्या इंजिनाचं मला नको सांगूस," ती म्हणाली. "माझ्या घरात खरा माणूस आहे."

"मग त्या खऱ्या माणसाला थोडा धीर धरायला सांग."

"तुला हे काम संपवायचंच नाहीये, हेडली. संपलं की मंगळवारी कोण येणार, हीच भीती आहे ना तुला?"

काय वाटेल ते बोलते. मी तिला ठोकळ्यांचं माप दाखवलं, केसाच्या जाडीचा फरक नाही. ती बघून न बघितल्यासारखं करून गेली. बाहेर गाडीत बराच वेळ बसून होती. मी जाऊन काच ठोठावली, बॅटरी बघू का विचारलं. म्हणाली, बॅटरी चांगली आहे.

रविवार, २७ जून

बॉयलर न चढवता नुसती चाकांची चौकट पार्कात नेली आणि हाताने ढकलून बघितली. तळ्याकाठच्या वळणावर पुढचा आस बरोबर सरकला, चढला नाही. मागचाही सरकला. पण तिसरी जोडी रुळाला कर्रकर्र घासते. दट्ट्याचा जोर त्याच आसावर येतो, म्हणून त्याला ढिलाई देता येत नाही. दुसऱ्या आसाला थोडी देऊन, चौकटीत अर्धा मिलिमीटर जागा काढून बघावं लागेल. म्हणजे बरंचसं परत पहिल्यापासून. हिवाळा जाईल. जाऊ दे.

मंगळवार, ६ जुलै

रात्र बरीच झालीय. तरी लिहून ठेवतो.

अर्विनला सांगितलं की हिवाळा लागेल. तो उठलाच.

"तुझा तो मायक्रोमीटर घाल चुलीत! कड उतरव म्हणून एप्रिलपासून सांगतोय. इंजिन कुणाचं आहे?"

"इंजिन तुझं आहे म्हणूनच..."

"माझं आहे म्हणूनच तू त्याच्यावर अंडी उबवत बसलायस!"

आणि नोरीन यायची वाट न बघता तो तरातरा निघाला. दाराबाहेर हातगाडी उभी होती. नेहमी असते, हिरवीगार, वितभर नव्हे चांगली कमरेएवढी. तो सरळ तिच्यावर गेला. एवढ्या जोरात आपटला की कोळशाच्या बादलीसकट खाली. मला हसू आलं. देवा, मी हसलो. म्हटलं, "समोर बघून चालत जा की लेका!"

तो तसाच पायवाटेवर बसून राहिला. नडगी फुटली होती, मोजा लाल झालेला.

"समोरचंच दिसत नाही मला, हेडली," तो म्हणाला.

मी खाली बसलो. त्याने सांगितलं. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजतोय. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं तेवढं उरलंय. उजवा डोळा केव्हाच गेला, आता डावाही त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, औषध नाही. हिवाळ्यापर्यंत किती टिकेल सांगता येत नाही.

"तुझ्याकडे बघितलं की तोंडाच्या जागी करडा बोळा दिसतो. जरा बाजूला बघितलं की कान दिसतात. तुझे कान हत्तीचे आहेत म्हणून बरं, नाहीतर ओळखलंच नसतं."

मी खिशातला रुमाल काढून त्याच्या नडगीवर दाबला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू क्लेमंटला सांगितलं असतंस. तुला खोटं जमत नाही. त्याने क्लबचा चालकाचा परवाना काढून घेतला असता." मग म्हणाला, "मला ते एकदा चालवायचंय. रुळावर, वाफेवर, माझ्या हाताने. आणि चाकं फिरताना बघायचीत, कडेने का होईना. बाकी काही नको."

मी त्याची नडगी धुतली, पट्टी बांधली. नोरीन आली. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कुणाला काही विचारलं नाही.

भाजीवाल्यासमोरचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

बुधवार, ७ जुलै

सकाळीच तिसऱ्या जोडीचा आस लेथवर चढवला. आधी मोजून घेतलं, कड गेल्यावर चाकाची उरलेली रुंदी वळणावर रुळाच्या आत तर पडणार नाही ना. नाही पडणार. मग पटाशी लावली. ओतीव लोखंडाचा काळा भुगा हातावर पडायला लागला. पहिल्या फेऱ्याला जिवावर आलं. नंतर नाही. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही चाकं गुळगुळीत.

एप्रिलमध्ये एवढंच करायचं होतं. माझ्या ढिलाईने निम्मं काम झालं होतं हे खरं, पण उरलेलं निम्मं एका सकाळचं होतं.

फोन करून सांगितलं. अर्विन म्हणाला, "वाकडी तर नाही ना उतरवलीस?"

गुरुवार, २९ जुलै

काय लिहू? चांगलंही झालं आणि वाईटही.

गुरुवारी पार्कात कुणी नसतं. मी, अर्विन, नोरीन. इंजिन परत जोडून सगळं तयार केलेलं. अर्विनच्या डोळ्यांचं क्लेमंटला सांगितलं नव्हतं. मी गप्प बसेन असं अर्विनला वचन दिलं होतं, आणि पाळलं.

अर्विनने स्वतः भट्टी पेटवली. वाफेचा काटा मी वाचून सांगत होतो. तो पुढच्या गाडीवर, मी त्याच्या मागे. वळण आलं आणि इंजिन आत शिरलं, कर्रकर्र नाही, चढणं नाही, सापासारखं वळून बाहेर. अर्विन ओरडला, "गेलं?" मी ओरडलो, "गेलं!" नोरीन बाकावरून टाळ्या पिटत होती.

दुसऱ्या फेरीला मी गाडीवरून खाली वाकून तिसरी जोडी बघत बसलो. गुळगुळीत चाक रुळावर कसं बसतंय, किती सरकतंय. माझंच काम मलाच बघायचं होतं. समोर बघायचं काम माझं आहे हे डोक्यातून पार गेलं.

आमच्या छोट्या स्टेशनच्या रुळावर पहिल्या फेरीनंतर कुणीतरी खडीची गाडी आणून उभी केली होती. तिच्या अलीकडचा सिग्नल लाल होता.

नोरीनची किंकाळी ऐकली आणि मी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता. इंजिनाची पुढची पट्टी वाकली, अर्विन इंजिनाच्या अंगावर गेला, मनगट भाजलं. खडीच्या गाडीजवळ सुदैवाने कुणी नव्हतं. गाडी क्लेमंटची होती, खडी टाकायला तो एकटाच आला होता. नुकताच तो फावडं आणायला खोपटात गेला होता.

तो धावत आला. "लाल होता! आंधळा आहेस का तू?"

"हो," अर्विन म्हणाला.

क्लेमंटचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

शुक्रवार, ३० जुलै

क्लेमंट घरी आला होता. बसला नाही.

"परवाना काढून घ्यावा लागला. तुला कळतंय ना, हेडली? रविवारी लोक पोरंबाळं घेऊन येतात."

"कळतंय."

"तुला माहीत होतं?"

"तीन आठवडे."

त्याने टोपी डोक्यावर घातली. "मी त्याला बोट कर म्हणालो होतो," तो म्हणाला आणि गेला.

चूक अर्विनची नव्हती. तो बघू शकत नव्हता. मी बघू शकत होतो, आणि खाली बघत होतो. हे क्लेमंटला सांगायला हवं होतं. उद्या सांगतो.

शनिवार, ३१ जुलै

सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये. तुम्हा दोघांना मी खोपटाच्या खिडकीतून बघत होतो."

रविवार, ५ सप्टेंबर

वाकलेली पट्टी सरळ केली. अर्विनचं मनगट बरं झालंय. मंगळवारी येतो, बसतो, दांड्यांना तेल घालतो. डावा डोळा आणखी गेलाय. गेल्या खेपेला त्याने आपला मग समजून ग्रीसचा डबा उचलला. तोंडाला लावायच्या आधी वास आला म्हणून बरं. दोघंही खूप हसलो.

इंजिन कापडाखाली झाकलंय. त्याविषयी तो बोलत नाही. मी क्लबात दुसऱ्या कुणाकडून चालवून घेऊ का विचारलं. "घे की," म्हणाला. पण मग चहा न पिताच गेला.

आज क्लबची बैठक होती. मी उठून बोललो. मला बोलता येत नाही. म्हटलं, नियमात असं आहे की चालकाला सिग्नल कळला पाहिजे. मी मागे बसून तोंडाने सांगितला तर त्याला कळतो. ब्रेक माझ्या हातात. पार्क लोकांना बंद असेल अशा दिवशी, रुळावर दुसरं इंजिन नसताना.

कुणीतरी म्हणालं, "गेल्या वेळी तूच मागे होतास."

खाली बसावंसं वाटलं. "हो," म्हटलं. "म्हणूनच आता चुकणार नाही."

सगळे क्लेमंटकडे बघायला लागले. तो चष्मा पुसत बसला. आमचा क्लेमंट नियमाबाहेर कुणाला बिस्किटसुद्धा देत नाही.

"हंगाम संपल्यावर," तो म्हणाला. "ऑक्टोबरात. बाहेरचं कुणी आत नको. सिग्नल मी स्वतः चालवणार. आणि अंधार पडायच्या आत बंद म्हणजे बंद."

गुरुवार, ७ ऑक्टोबर

अर्विन नाही म्हणतोय.

"दया नको मला."

"दया कसली? तुझ्या दांड्यांना जागेवर आणायला माझा उन्हाळा गेला. ते बघायला मिळू नये मला?"

"परत ठोकलं तर?"

"ठोकलं तर मी मागे आहे. माझंही मनगट भाजेल. हिशोब मिटेल."

नोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली, "अर्विन बॅराक्लफ, दहा वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलावर त्या इंजिनाचे तुकडे होते. पुढच्या शनिवारी तू ते चालवतोयस. नाहीतर मी चालवते."

"तू?" अर्विन म्हणाला. "तू रूळ सोडून तळ्यात घालशील."

म्हणजे हो.

शनिवार, १६ ऑक्टोबर

आत्ताच घरी आलो. कोट अजून अंगात आहे, त्याला कोळशाचा वास येतोय. येऊ दे.

हवा कोरडी, गार. पार्काचं फाटक क्लेमंटने आतून कुलूप लावून घेतलं. क्लबातली सात-आठ माणसं आली होती, कुंपणाशी उभी राहिली, जवळ कुणी आलं नाही. नोरीन बाकावर, गुडघ्यांवर घोंगडी. अर्विनने भट्टी पेटवली. या खेपेला त्याने मला काटासुद्धा वाचू दिला नाही. बॉयलरला हात लावून, शिटीतला फुसफुसाट ऐकून म्हणाला, "वाफ झालीय." काटा बघितला तर झाली होती.

क्लेमंट सिग्नलच्या खोपटात गेला. पुढचा दिवा हिरवा झाला.

"हिरवा," मी म्हटलं.

अर्विनने वाफेचं हँडल ओढलं.

मी या वेळी चाकांकडे एकदाही बघितलं नाही. एक हात ब्रेकवर, एक त्याच्या खांद्यावर, आणि डोळे समोर. "हिरवा. सरळ. कुणी नाही. हिरवा." तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता. तळं जवळ आलं तेव्हा मी सांगायच्या आधीच त्याने वाफ कमी केली.

"हवा गार झाली," तो म्हणाला. "आलं ना वळण?"

"आलं."

इंजिन वळणात शिरलं. आवाज एकसारखा, चार ठोके, चार ठोके, कुठे घासणं नाही. पाण्यावरून तोच आवाज परत येत होता. बाहेर पडल्यावर अर्विनने शिटी दिली आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या हलवल्या. मी ते त्याला सांगितलं. "किती जणांनी?" त्याने विचारलं. "सगळ्यांनी." "क्लेमंटनेपण?" "त्याचे हात सिग्नलच्या दांड्यांवर आहेत."

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. मध्ये एकदा पाणी घेतलं, कोळसा टाकला. एकदा त्याने इंजिन थांबवून मला चालवायला बसवलं आणि स्वतः वळणाच्या आतल्या बाजूला गवतावर जाऊन आडवा झाला, गाल जमिनीला लावून, तोंड तळ्याकडे करून, म्हणजे चाकं डोळ्याच्या कडेला येतील. मी त्याच्या समोरून हळूहळू गेलो, आणि परत मागे आणलं, आणि परत गेलो. उठला तेव्हा कोटाला सगळं गवत लागलेलं.

"तिसरी जोडी," तो म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळतं."

"तुला कळणारच, लेका." आणि परत पुढे जाऊन बसला.

मग उजेड कमी व्हायला लागला. झाडांखाली आधीच काळोख होता. स्टेशनच्या आधीच्या सिग्नलकडे येत होतो आणि दिवा लाल झाला.

"काय आहे?" त्याने विचारलं.

मला क्षणभर वाटलं, सांगू नये. समोर रूळ मोकळा होता, कुणी नव्हतं, आणखी एक फेरी झाली असती, क्लेमंट चार शिव्या देऊन गप्प बसला असता. पण आता मी जे सांगेन तेच त्याला दिसणार होतं.

"लाल," मी म्हटलं.

त्याने वाफ बंद केली, ब्रेक हळूच दाबला. इंजिन सिग्नलच्या खांबापाशी एवढं अलगद थांबलं की माझ्या अंगालाही कळलं नाही. मला माझा ब्रेक लावावा लागला नाही.

"संपलं वाटतं," अर्विन म्हणाला.

"लाल आहे. एवढंच."

आम्ही बसून राहिलो. भट्टी हळूहळू सुस्कारत होती. तो हँडलवरचा हात काढत नव्हता आणि मी त्याच्या खांद्यावरचा. दूर खोपटाच्या खिडकीत क्लेमंट उभा दिसत होता. नोरीन बाकावरून उठून तिकडे चालत गेली होती. घोंगडी खांद्यावर घेऊन ती खिडकीखाली उभी होती. ती काही बोलली की नुसतीच उभी राहिली, मला ऐकू आलं नाही. क्लेमंटने आकाशाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

मग त्याने खाली वाकून सिग्नलचा दांडा ओढला.

"हिरवा," मी म्हटलं.

गाडी सुटली.